मेजर फादरचा कडू घास

आईचा फोन आला तेव्हा मी समुद्रपूरला, शाळेत नववीचा तास घेत होते. "मेजर फादर गेले वं. जेवता जेवता गेले. लवकर येजो." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. हिंगणीच्या एसटीत बसले तरी डोळ्यांत पाणी येईना, आणि त्याचाच राग येत होता. आपण नेमक्या कोणाच्या मातीला चाललो आहोत...?

फौजेतली मेजरकी सोडून हा माणूस पाद्री झाला आणि बोर धरणाजवळच्या आमच्या गावात येऊन राहिला. गावानं दोन्ही पदव्या एकत्र बांधल्या, नाव पडलं मेजर फादर. मूळचे मंगळूरकडचे, पण बोलायचे फौजी हिंदीत कालवलेली वऱ्हाडी. चर्चला लागून त्यांची खोली. तिथं टोल्यावरच्या, म्हणजे गोंड वस्तीतल्या, आणि आमच्यासारख्या भाजीवाल्यांच्या पोरांना गणित शिकवायचे. कोणी दांडी मारली की सायकल घेऊन थेट मळ्यात हजर. "काऊन आली नाई?" आवाज असा, की विहिरीवरचा पंपही दचकून बंद पडेल असं वाटायचं.

बारावीनंतर बाबांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं, तेव्हाही ते असेच आले. बाबा म्हणाले, "पोट्टी शिकून काय कलेक्टर होते का?"

"नाई झाली तर वांगे आहेतच ना. वांगे कुठं पळून चालले?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी मनातलं काढलं, "लोकं म्हणतात, तुम्ही तिले किरिस्ताव करता."

"अरे भाऊ, रविवारी माझ्याकडं जेमतेम दोन बाकं भरते. त्यातले अर्धे झोपून राह्यते. तुझी पोट्टी घेऊन मी काय करू?"

यावर मात्र बाबांना हसू आवरलं नाही. मी आर्वीच्या कॉलेजात गेले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी आहे, आणि हे मी छाती ठोकून सांगते. पण चर्चमध्ये ये, असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत, आणि मीही कधी गेले नाही.

फौज का सोडली, याचं उत्तर प्रत्येकाला वेगळं मिळायचं. आईला ते म्हणाले, तिथली भाजी बेचव होती. मी विचारलं तेव्हा ते सायकलचं पंक्चर काढत होते. "हुकूम बदलला," म्हणाले.

"कोणाचा हुकूम?"

ट्यूब पाण्यात दाबून ते बुडबुड्यांकडे बघत बसले... "तेच तर अजून विचारून राह्यलो, बेटा." तेव्हा मला ती थट्टा वाटली. आता सांगता येत नाही.

मातीच्या दिवशी चर्चमध्ये मी पहिल्यांदा पाय ठेवला. बाहेरून आलेले धर्मगुरू आमच्या फादरांबद्दल बोलले. सेलूचे एक निवृत्त हवालदार 'आमचे साहेब' म्हणत खड्ड्याच्या काठावर कडक सॅल्यूट ठोकून उभे राहिले. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांपैकी कोणीही ओळखलेला माणूस मला माझ्या ओळखीचा वाटत नव्हता. मी मूठभर माती टाकली आणि घरी आले.

आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकर-वरण नेऊन देतात, तो कडू घास. ज्याच्या दारात तो जातो, मयत त्याचं, सुतक त्याचं. संध्याकाळी टोल्यावरची सोनाबाई डोक्यावर टोपली घेऊन आमच्या अंगणात आली, मागे चार बाया. फादरांच्या खोलीला कुलूप लागलं होतं आणि धर्मगुरूंची गाडी निघून गेली होती.

"भाऊ, हे कोनाच्या दारात ठेवाचं?" तिनं बाबांना विचारलं. "येवढ्या मानसाले कोनीच नाई का?"

आठ दिवसांवर माझ्या भावाचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. सुतक धरलं तर ते मोडणार, आणि सोयरे म्हणणार, हे लोक बाटले की काय. भाऊ बाबांकडे बघत होता. आईनं वरणाला फोडणी दिलेली, तिचा वास अंगणापर्यंत येत होता.

बाबा खाटेवरून उठले. "ठेव इथं," म्हणाले. मग आत वळून, "चूल विझव वं."

भाऊ बाहेर निघून गेला. मी बाबांना हळूच विचारलं, "काऊन?"

"मले का मालूम," ते चिडून म्हणाले आणि भाकर मोडली. भाकर थंड होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

साक्षगंधाची नवी तारीख अजून ठरलेली नाही. फादरांच्या खोलीचं कुलूपही तसंच आहे. बाबा मळ्यात जाताना रोज तिथं थांबतात, कुलूप ओढून बघतात आणि पुढे जातात. कडू घासाच्या दुसऱ्याच दिवशी भावाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा, व्याह्यांचा, फोन आला होता. बाबांनी थोडं ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. "तू शिकली आहे. तू सांग."

"कोण वारलं म्हणे तुमच्याकडे?" तिकडून विचारलं.

"घरचेच होते, काका."

"घरचे म्हणजे? कोण लागत होते?"

बाबा समोर उभे होते. तेही उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होते...