जुळलेला नोंद क्रमांक
लाईट जाऊन आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, की त्याच्या पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मला ऐंशीच्या दशकाच्या अखेरची रत्नागिरी आठवते. मी घाटावरची, बदली होऊन एकटीच आलेली, ओळखीचं कुणी नाही. आमची कंपनी बोटींवर खलाशी पाठवायची. त्यांच्या नोंदी मुंबईच्या कॉम्प्युटरवर असत. तो बंद पडला तर काम अडू नये म्हणून त्याच नोंदी माझ्याकडच्या कॉम्प्युटरवरही ठेवायच्या. लाईट गेली की शेवटच्या काही नोंदी पुसल्या जायच्या. ती आली की मी मुंबईला फोन लावून माझा शेवटचा नोंद क्रमांक सांगायची, आणि तिथले ऑपरेटर राहिलेल्या नोंदी वाचून दाखवायचे. एका सोमवारी, भर दुपारी, लाईट आल्यावर पाहिलं तर माझी एकही नोंद गेली नव्हती. तरी मी फोनवर म्हणाले, "वीस नोंदी गेल्यात हो." ऑपरेटर सावकाश वाचू लागले, अंजनवेलचा कोण, बुरोंडीचा कोण, कुठल्या बोटीवर, कधी परतणार. मी हात मांडीवर ठेवून नुसती ऐकत होते. सहाव्या नावाला ते थांबले. "बाई, तुमचा कीबोर्ड वाजत नाही." हे वर कळलं तर नोकरी जाईल असं वाटलं. "नोंदी आहेत माझ्याकडे," मी खरं सांगून टाकलं, "शनिवारपासून कुणाशी बोलले नव्हते." मग ते म्हणाले, "बरं. सातवा, गुहागरचा," आणि विसाव्या नावापर्यंत त्याच संथ आवाजात वाचत राहिले. त्यांचं स्वतःचं नाव मात्र मी कधीच विचारलं नाही, याची आज चुटपुट लागते.