टेकडीवरची परीक्षा

धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या एका शाळेत एक गुरुजी आहेत. शाळांसाठी शिकवायचं ॲप निवडणं माझं काम, त्यामुळे आमची गाठ नेहमीच पडते. कानावर खडू, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल. कुठलंही ॲप दाखवा, मान डोलवून एकच बोलणार, "बरं हाय सर." मागच्या ॲपचा त्यांच्या शाळेचा अहवाल इतका सुरेख आला, की मी तेच ॲप तालुक्यातल्या सगळ्या शाळांना सुचवलं.

परवा न कळवता गेलो. शाळा नुकतीच सुटली होती. गुरुजी मागच्या टेकडीवर आहेत, असं कळलं, कारण रेंज फक्त तिथेच मिळते. धापा टाकत चढलो. गुरुजी दगडावर बसून एकेका मुलाच्या नावाने तेच ॲप उघडत होते आणि उत्तरं स्वतःच देत होते.

मी हादरलोच. "गुरुजी, हे काय करून राह्यले तुम्ही?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "पोरायले इथी कसं आणू सर? अस्वल फिरते. खाली फळ्यावर शिकवतो, इथी येऊन त्यायच्या नावानं भरतो."

बोलता बोलता त्यांनी एका बेरजेचं उत्तर चुकीचं दाबलं.

"अहो, हे चुकलं."

"चुकलं नाई सर. ही पोरगी हातचा विसरते. दर खेपेले विसरते."

पुढच्या मुलाच्या नावावर त्यांनी बेरीज बरोबर केली आणि भागाकार मुद्दाम चुकवला.

कोणतं मूल नेमकं कुठे चुकतं ते हे ॲप अचूक ओळखतं, म्हणूनच तर मी ते निवडलं होतं.