चिठ्ठीवरची माझी सही

ते प्रकरण आठवलं की आधी आरोपी दिसत नाही, माझी स्वतःची सही दिसते.

दुष्काळाचं साल होतं. पारनेरकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. त्या दिवसांत चोऱ्यामाऱ्यांपेक्षा पाण्याचा बंदोबस्तच जास्त. नदीकाठच्या सरकारी पंपावर टँकर भरायचे आणि गावोगाव जायचे. पंपावर फोन नव्हता. म्हणून रोज सकाळी मामलेदार कचेरीतून ठाण्यात फोन यायचा. कोणता टँकर कुठे न्यायचा ते ठाणे अंमलदार उतरवून घ्यायचा, मी सही करायचो, शिक्का बसायचा आणि बंदोबस्ताला निघालेला शिपाई ती चिठ्ठी खिशात घालून सायकलवर टांग मारायचा. व्यवस्था चोख आहे अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

एका दुपारी डोंगराकडच्या वाडीचा पोलीस पाटील ठाण्यात आला.

"साहेब, चार दिस झालं, टँकर न्हाई. आज यील, उंद्या यील म्हणून दम धरला. आज एक बाई हिरीत उतरली, तळाचं पानी खरवडाया. दोर सुटला. मांडी मोडली हाय तिची."

बाईला नगरच्या दवाखान्यात हलवलं आणि पंपवाल्याला बोलावून घेतलं. यानं पाणी परस्पर विकलं, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. दोन तास उभा ठेवला त्याला. खोटं बोलणारा माणूस दर वेळी काहीतरी नवीन सांगतो, हा मात्र एकच वाक्य धरून होता, "चिठ्ठीपरमानं पानी दिलं." शेवटी मी चिडून म्हणालो, "दाखव चिठ्ठी."

त्यानं तारेत ओवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच समोर ठेवला. चारही दिवस वाडीचा टँकर दुसऱ्याच एका गावाला गेला होता. चारही चिठ्ठ्यांवर ठाण्याचा शिक्का आणि खाली माझी सही.

"ठान्याचा शिक्का हाय म्हणल्यावर आमी कुनाला इचारायचं, साहेब?"

मी त्याला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. खरं सांगायचं तर मला लाज वाटली.

कचेरीत चौकशी केली. असा निरोप त्यांनी कधी दिलाच नव्हता. पंपाच्या रोजच्या तक्त्यात बदल दिसला होता, पण पोलिसांनी काही कारणानं केला असेल म्हणून ते गप्प बसले. आम्ही कचेरीवर विसंबलो, पंप आमच्यावर आणि कचेरी पुन्हा आमच्यावरच.

आमचा अंमलदार मुरलेला हवालदार होता. तो म्हणाला, "साहेब, त्या चार दिवसांत रोजच्या फोनमागून बदल सांगणारा दुसरा फोन यायचा, पण बोलणं अगदी कचेरीचंच होतं. फोनवरचा माणूस निरोप परत वाचून दाखवायला लावायचा. शेवटी विचारायचा, घेणाऱ्याचं नाव काय?"

"आणि तुम्ही त्याचं नाव विचारलंत?"

हवालदारानं नाही म्हणून मान हलवली. आमच्या खात्यात जो नाव विचारतो तो वरचा, हे प्रत्येकाच्या अंगात मुरलेलं असतं. त्याच्या जागी मी असतो तरी मीही विचारलं नसतं.

धागा मिळाला तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. बाहेरगावच्या प्रत्येक कॉलचं तिथे तिकीट बनायचं. त्या चारही दिवशी सकाळी ठाण्याला आलेले हे दुसरे कॉल, ज्या गावाला टँकर वळवला होता त्याच गावातून लागले होते. त्या गावात फोन एकच, पोस्टात.

पोस्टमास्तर पन्नाशीचा, चष्मेवाला, सरळ माणूस. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

"आमच्याकडं पोरं गढूळ पानी पिऊन आजारी पडत हुती, साहेब. अर्ज करून करून दमलो. कचेरीचे निरोप माझ्याच फोनवर येत्यात, ती मानसं कशी बोलत्यात ते पाठ झालंय. पहिल्या दिवशी भीत भीतच फोन लावला. वाटलं, नाव इचारतील. कुनीच इचारलं न्हाई."

"टँकर कुणाचा वळवला, ठाऊक होतं?"

"पोस्टात लावलेल्या टँकरच्या यादीतलं पहिलं नाव घेतलं."

मी विहिरीतल्या बाईचं सांगितलं. त्यानं चष्मा काढला. विचारलं, "जगंल ना?"

गुन्हा दाखल झाला, त्याची नोकरी गेली. केस डायरीत मी माझ्या सहीचाही उल्लेख केला. वरून ठपका आला, तो मला पटला. ठाण्यात नवा नियम केला. निरोप घ्यायचा, फोन ठेवायचा, मग आपण होऊन कचेरीला फोन लावून खात्री करायची. सकाळी पाव तास जास्त जायचा आणि सगळे कुरकुरायचे.

माझी मुलगी आज पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. ठिकठिकाणची यंत्रं एकमेकांच्या निरोपांवर चालतात, त्यात कुणीही येऊन जोडला जाऊ शकतो आणि निरोप खरा कुणाचा हेच ओळखणं अवघड, असं ती सांगत होती. प्रत्येक निरोप पडताळत बसलं तर काम अडतं, नाही पडताळला तर घात होतो. मी तिला टँकरची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाबा, उलटा फोन करायची तुमची युक्ती आम्हीही वापरतो." मला बरं वाटलं, पण ती युक्ती मला सुचलेली नाही, हे तिला सांगावं लागलं.

नवा नियम करायच्या आधी त्या बाईचा जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेलो होतो. बाईच्या पायाला वजन लावून टांगलं होतं. जबाबावर अंगठा देऊन झाल्यावर ती म्हणाली,

"साहेब, येक इचारू? चार दिस टँकर न्हाई आला. आमच्या वाडीत फोन न्हाई. तुमच्याकडं हुता ना? मग तुमीच फोन लावून कचेरीला का न्हाई इचारलं?"