तळाशी दिवे लावणारे चिलबोक मालक

आमच्या तोंग्योंग बंदरात सोक चिलबोक मालकांना विज्ञानाबद्दल काही विचारायचं नाही. विचारलं की दुपार गेली! तिसरीत शाळा सुटलेला हा माणूस मासेमारीची जाळी विणता विणता कारखानदार झाला आणि सत्तरीत कारखाना विकून खोल समुद्राच्या प्रयोगशाळेचा पोशिंदा झाला. तिथे काय चालतं ते त्यांना ओ की ठो कळत नाही, पण न कळण्याचाही इतका अभिमान मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

"लोकांचे म्हातारे गोल्फ खेळतात," त्यांच्या पत्नी ओकबुनबाई म्हणतात, "आमचे समुद्राच्या तळाशी दिवे लावतायत."

प्रयोगशाळा सांभाळते डॉक्टर प्यो सेरिन. तिने तळाशी सोडलेली दोन यंत्रं तिथेच राहिली होती. तिसरंही गेलं तर हे सगळं सोडून सोलमध्ये नोकरी धरायची, असं तिने जाहीर केलं. मालकांच्या घशाखाली भात उतरेना.

नवं काम म्हटलं की आमच्याकडे डुकराचं उकडलेलं डोकं मांडून पूजा होते. मालकांनी ती धक्क्यावर, यंत्रापुढेच मांडली. डुकराच्या तोंडात नोटा, शेजारी तांदळाची दारू आणि समोर नमस्कारासाठी ओळीने पालथे पडलेले चष्मेवाले शास्त्रज्ञ!

यंत्र खाली गेलं. वर आला तो नुसता तुटका दोर.

सेरिन मालकांपुढे मान खाली घालून उभी राहिली. "माफ करा, मालक. तुमची आयुष्याची कमाई मी पाण्यात घातली."

"तू कशाला?" मालक खेकसले. "ते डोकं बघितलंस? रडकं होतं! पूजेला हसरं लागतं. बाजारात घाई केली मी."

"घाई कसली? हसरं महाग होतं," ओकबुनबाई म्हणाल्या. "चिक्कू आहेत नुसते!"

"बघ, साक्षीदारही आहे."

"मालक, दोर तुटला. त्यात डुकराचा काय दोष?"

मालकांचा आवाज खाली आला. "माझ्या पहिल्या जाळ्याच्या गाठी पाण्यात पडताच सुटल्या, पोरी. सगळं बंदर हसलं. तेव्हा कुणी म्हणालं असतं ना, की चूक तुझी नाही, डुकराची आहे… खोटं का होईना, पण कुणीच म्हणालं नाही."

सेरिन रडली, मग रडता रडताच हसत सुटली. बाहीला नाक पुसून म्हणाली, "पुढचं यंत्र उन्हाळ्यात तयार होईल. पण डोकं मी निवडणार."

"निवड," ओकबुनबाई म्हणाल्या, "आणि बाजारात जाताना यांना घरी ठेवून जा."