सुनेची गरमी

माझी दोन बाळं पाचव्या महिन्यात पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी नवरा आणि सासूबाई सोडून कोणाला सांगितलंच नाही. पण पहिल्या तपासणीसाठी रक्त द्यावंच लागलं, आणि रिपोर्ट देणाऱ्याने आम्हा सासूसुनांना हळू आवाजात सांगितलं, "गरमीची टेस्ट पॉझिटिव्ह हाय."

गरमी म्हणजे गुप्तरोग, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंना वाटलं, अंगात उष्णता झाली. "तरीच पोट टिकून नाई राह्यलं!" म्हणत त्यांनी सब्जा भिजत घातला. वर आर्वीच्या बाजारात मेथी विकता विकता दिसेल त्या बाईला विचारू लागल्या, "आमच्या सुनेले गरमी हाय वो, काई उपाय सांगजो." जुन्या बायांना तो शब्द पुरता माहीत होता. मेथीला निदान भाव तरी होता, माझी अब्रू फुकटात गेली.

घरात नवरा माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. एका दुपारी विचारलंच, "तुमी कुठं गेलते? खरं सांगा."

"हेच मी तुले इचारतो," तो म्हणाला.

त्या दिवशी मला जगणं नको झालं.

शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र कागद पाहून आधी विचारलं, "यापूर्वी बाळं गेली आहेत का?" मग समजावलं. कधी कधी शरीर आपल्याच विरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. रक्ताच्या गुठळ्या होतात, गर्भाच्या वारेत अडकतात, बाळाला पोसणारं रक्त तुटतं. गरमीची साधी टेस्टही याच अँटीबॉडींना फसते. म्हणून गुप्तरोगाची पक्की तपासणी करायची, आणि या अँटीबॉडींचीही; त्या निघाल्या तर औषध आहे.

रिपोर्ट येईपर्यंत मी देवाला काय मागितलं असेल? हा अँटीबॉडींचा रोगच मागितला. ज्याला औषध आहे तो तरी दे, म्हटलं. मोरीत जायची भीती वाटायची. कपड्यावर रक्ताचा डाग दिसला तर?

गुप्तरोग नव्हता. अँटीबॉडी होत्या, आणि भरपूर होत्या. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून निदान पक्कं करायचं होतं, पण गोळी आणि पोटावर रोज टोचायचं रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन त्याच दिवशी सुरू झालं. एवढा वाईट रिपोर्ट हातात घेऊन मी आनंदाने रडले, लाजबीज सोडून.

नवऱ्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "हे टेस्ट आधीच केली असती, तं ते दोघं राह्यले असते काय?"

"कदाचित," त्या म्हणाल्या.

माझं रडणं तिथेच थिजलं. चार माणसांत कधी माझ्या शेजारी न बसणारा हा माणूस भरल्या दवाखान्यात खाली वाकला आणि माझ्या पोटाशी तोंड नेऊन म्हणाला, "तू तं राहजो, बाप्पा."