टाके ओले आहेत

डोकं फुटून आलेल्या माणसाला कुठलाही डॉक्टर "कोणी मारलं?" असं विचारतो. आमच्या बाई विचारायच्या, "आता तू कोणाला मारणार?" मार्केट यार्डाजवळच्या त्यांच्या दवाखान्यात मी नवी नवी मदतनीस डॉक्टर होते. हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, बाईंचं वय झालं.

मारामारी हा बाईंच्या मते गोवरासारखा पसरणारा रोग होता. एकाला झाला की घरात शिरतो, आळीत जातो, मुलांना लागतो. "जगभर हेच चाललंय आणि आपण नुसत्या पट्ट्या बांधतोय," असं त्या पट्टी बांधता बांधताच ऐकवायच्या. त्यांच्या स्वतःच्या जिभेवर मात्र लस निघालेली नव्हती. दवाखान्याच्या दारात गाडी लावणाऱ्याला त्या अत्यंत शांतपणे विचारत, "आपण घरीही उंबऱ्यावरच झोपता का?" त्यावर समोरच्याला येणारा राग मात्र बाई त्या रोगात धरत नसत.

त्यांचा खास उपाय म्हणजे एक शुद्ध थाप. जखम शिवून झाली की गंभीर चेहऱ्याने सांगायचं, "टाके ओले आहेत. वाळेपर्यंत बाकावरून हलायचं नाही." जणू भिंतीला रंग दिलाय. यार्डातल्या यच्चयावत हमालांचा यावर विश्वास होता. एकदा तर एकाने माझ्याकडे टेबलफॅन मागितला, लवकर वाळावेत म्हणून.

गोरख आला तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. बहिणीला मारहाण करणाऱ्या दाजीला जाब विचारायला हा गेला आणि डोकं फोडून घेऊन आला. कमरेला पोती ओढायचा लोखंडी आकडा होता. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "दाजीला," तो म्हणाला. "आज संपवतोच त्याला."

बाईंनी टाके घातले, ते ओले असल्याचं जाहीर केलं आणि धनुर्वाताची भीती घालून आकडाही उकळत ठेवला. गोरख चहावर चहा पीत बसून राहिला. ऊन उतरलं तशा बाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

"तो वर जाईल, तू आत जाशील. बहीण कुठे जाईल?"

गोरखने हातातला कप खाली ठेवला. मग रडला. बाई स्वतः त्याच्याबरोबर रिक्षात बसल्या आणि दाजी घरी नव्हता तेवढ्यात बहिणीला भावाच्या घरी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी तिला पोलिसांत तक्रार द्यायलाही त्यांनीच नेलं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. मला फार पोरकं वाटलं, अजूनही वाटतं. दवाखान्यात त्यांचा फोटो ठेवला तर निम्मं यार्ड लोटलं. गोरख बहिणीला घेऊन आला. दोघं आत असताना बाहेर एक माणूस हार घेऊन ताटकळत होता. मी त्याला आत बोलावलं, पण तो येईना. बाईंचे पेशंट का, असं विचारलं.

"नाय. त्यांनी मला कधी बघितलंबी नाय," असं म्हणून त्याने हार माझ्या हातात दिला. "गोरख ज्याला मारणार हुता, तो मी."