एका भाकरीत एक पुस्तक

काकूंना कुठलंही पुस्तक सांगायचं तर वेळ ठरलेली असे: एक भाकरी. त्यांनी परातीत पिठाचा गोळा घेतला की आपण सुरुवात करायची आणि भाकरी फुगून टोपल्यात पडली की थांबायचं. तेवढ्यात पुस्तक संपलं नाही, तर दुसरा गोळा मळता मळता काकू म्हणत, "तुलाच कळलं न्हाई ते. परत वाच, मग ये." नेतृत्वावरचं तीनशे पानी पुस्तक घेऊन मी तीनदा त्यांच्यासमोर बसले आणि तीनदा परत गेले.

पुण्याजवळच्या नेरे गावातल्या त्यांच्या घरी मी चार वर्षं भाड्याने राहत होते. खाली काकूंचं कुटुंब, वरच्या दोन मजल्यांवर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आम्ही मुली. रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा विकून मुलांनी खोल्या बांधल्या होत्या. मागच्या तुकड्यात काकू अजून भात लावत. खोली सोडून जाणाऱ्या मुली गाद्या-बादल्या घेऊन जात आणि पुस्तकं ठेवून जात. ती बहुतेक एकाच वळणाची: लोकांशी कसं बोलावं, माणसं कशी सांभाळावीत, नवं काही कसं सुचावं. काकू सातवी शिकलेल्या, इंग्रजीशी संबंध नाही. पण पुस्तक रद्दीत घालायला त्यांचा जीव होत नसे. "येवढं जाड लिवलंय, तर कायतरी आसंलच की त्यात," असं म्हणून त्या ते जिन्याखालच्या फळीवर ठेवत आणि सुटीच्या दिवशी जी मुलगी सापडेल तिला चुलीपुढे बसवत. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना कंपनीच्या मोठ्या साहेबासारखं 'एमडी' म्हणायचो. हे त्यांना माहीत होतं, आणि आवडतही होतं.

मी पहिलं पुस्तक सांगितलं ते ऐकून घेण्याबद्दलचं. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, मनात उत्तर जुळवत बसू नये, वगैरे. काकू म्हणाल्या, "म्हंजी गप बसायचं. त्येला यवढी पानं लागली व्हय?" पण दुसऱ्याच दिवशी त्या शेजारी राहणाऱ्या जावेकडे गेल्या. बांधाच्या भांडणावरून दोघींचं चौदा वर्षं बोलणं बंद होतं. दारातच म्हणाल्या, "तुजं काय हाय ते बोल. मी मधी बोलायची न्हाई." जाऊ तासभर बोलली. परत आल्यावर काकूंनी तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. "चौदा वर्साचं साठलं हुतं तिचं," म्हणाल्या, "आन त्यातलं निम्मं खरं निगालं. ह्ये न्हवतं सांगितलं तुज्या पुस्तकानं."

काकूंचा बायकांचा बचत गट होता. घराच्या पार्किंगमध्ये पत्र्याची शेड, तिथे काकू धरून दहाजणी भाकऱ्या करत आणि दुपारच्या जेवणाआधी एका कंपनीच्या कॅन्टीनला पोचवत. पुस्तकांची परीक्षा होई ती इथे. चारचौघांत माणसाचं कौतुक करावं, असं एका पुस्तकात होतं. काकूंनी एकीचं केलं. बाकीच्या आठजणी दोन दिवस तोंड फुगवून भाकऱ्या थापत होत्या. "लिवणाऱ्यानं बायांचा गट काय चालवलेला दिसत न्हाई," एवढाच शेरा मारून त्यांनी ते पुस्तक फळीवर परत ठेवलं.

गिऱ्हाइकाला काय हवंय ते शोधा, हे मात्र त्यांनी मनावर घेतलं. एक दिवस टेम्पोत बसून स्वतः कॅन्टीनमध्ये गेल्या. कुणाला काही विचारलं नाही. ताटं रिकामी करतात तिथल्या बादलीशेजारी पदर खोचून तासभर उभ्या राहिल्या. आल्या त्या हसतच. पोरं-पोरी अर्धी भाकरी खाऊन अर्धी टाकत होती. दुसऱ्या दिवसापासून भाकरी तळहाताएवढी झाली, आणि आठवड्यात कॅन्टीनची मागणी वाढली. "त्वांडाला इचारलं तर 'छान' म्हनतं. बादली खरं सांगती," हे त्यांचं वाक्य मी पुढे ऑफिसातल्या कितीतरी मीटिंगांत वापरलं.

मग माझी पाळी आली. मी नुकतीच टीम लीड झाले होते आणि मिलिंद नावाच्या, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याला प्रोजेक्टमधून काढल्याचं मला त्याला कळवायचं होतं. चार दिवस मी मेलचा मसुदा लिहीत होते, खोडत होते. काकूंना माझा चेहरा दिसला. ऐकून म्हणाल्या, "ऱ्हातो कुटं त्यो?"

"मारुंजीत."

"मंग कागद कशाला लिवतीस? चालत जा की."

गेले. मिलिंदने चहा केला, शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "हे तुला कधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, दोन महिने. तो म्हणाला, "मग तेव्हाच यायचं होतंस." त्याच्या मुली आत अभ्यास करत होत्या. परत येऊन मी काकूंसमोर रडले. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "खरं बोलला त्यो. म्होरल्या टायमाला दोन म्हैनं आदी जा." समजूत अशी त्यांनी घातलीच नाही. त्यानंतर माझ्या हाताखालच्या कुणालाही त्याच्या स्वतःविषयीची गोष्ट माझ्याकडून उशिरा कळलेली नाही.

मी नेरे सोडायच्या वर्षी काकूंनी गटाचं अध्यक्षपद सोडलं आणि संगीताला दिलं. संगीता बौद्धवस्तीतली, गटात सगळ्यात शेवटी आलेली. दोघीतिघींनी नाकं मुरडली. एकीने तर विचारलं, "आता हिच्या हाताखाली आमी?" काकू तवा उतरवत म्हणाल्या, "क्यान्टीनच्या सायबापुढं न घाबरता बोलती कोन? तीच ना? मंग म्होरं बी तीच बसनार. पटत न्हाई तिनं जावं." दोघी गेल्या. आठ दिवसांनी एक परत आली, दुसरी आली नाही. काकूंना त्याचं वाईट वाटलं, पण तिला बोलवायला त्या गेल्या नाहीत. स्वतः मात्र रोज सकाळी शेडमध्ये येऊन संगीताला विचारत, "आज मी काय करू?"

गेल्या वर्षी काकू गेल्या. दुपारी जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. मी तेव्हा नागपूरला होते, दहाव्याला पोचले. घरात सुतक, जाऊ कोपऱ्यात बसून होती. शेडमध्ये मात्र चुली पेटलेल्या. संगीता मला पाहून उठली, हात पुसले आणि मला चुलीजवळ पाट दिला.

मग ती म्हणाली, "काल क्यान्टीनचे साहेब आले हुते. काकू गेल्याचं त्यांना कालच कळलं. म्हनाले, एकबी दिवस भाकरी चुकली न्हाई, मग काकूंबिगर इतके दिवस समदं बघत कोन हुतं?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमीच."